विहिरीतील विटी

मंगरूळपीर हे वाशीम जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. प्रवासवर्णनाच्या पुस्तकांत त्याचे नाव शोधू जाल, तर बहुधा सापडणार नाही. येथे लेणी नाहीत, समुद्र नाही, थंड हवा नाही. आगगाडीसुद्धा आमच्या गावाला टाळून वाशीमवरून जाते. काळी कसदार जमीन, पूर्वी कापूस व ज्वारी आणि आता बहुतेक सोयाबीन व तूर, उन्हाळ्यात अंग भाजून काढणारे ऊन, अशी वऱ्हाडातील इतर गावांसारखीच ही एक वस्ती. गावाच्या नावातील ‘पीर’ हा हयात कलंदर यांच्या दर्ग्यावरून आलेला. तर बिरबलनाथ महाराजांची भक्तमंडळी याच गावाला ‘मंगरूळनाथ’ म्हणतात. दोन्ही नावे नांदत आली आहेत आणि कोणत्याही नावाने पत्र टाकले, तरी ते पोहोचते. जिल्हा मात्र आम्ही बदलीत आलो. इंग्रजी अमदानीत हे गाव बाशीम जिल्ह्यात होते. १९०५ साली तो जिल्हा मोडून आम्हांस अकोल्यात घातले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला व आम्ही परत तिकडे गेलो. गाव जागचे तसूभरही हलले नाही, फिरला तो फक्त पत्ता.

अशा गावाविषयी लेख लिहावा, असे मला इतक्या वर्षांत कधी वाटले नव्हते. जुन्या अकरावीची मॅट्रिक झाल्यावर १९७८ पासून २०१६ पर्यंत मी मुलांना शिकविले, वडिलांपाशी बसून जे अमरकोश-रघुवंश शिकलो होतो त्याची घरी उजळणी केली, आणि निवृत्त झालो. लेखणी हाती धरावयास निमित्त झाले ते माझ्या नातवाचे.

माझा धाकटा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात असतो. गेल्या दिवाळीस तो सहकुटुंब घरी आला. नागपुरास उतरून समृद्धी महामार्गाने शेलूबाजारपर्यंत आणि तेथून घरी, असा त्यांचा प्रवास इतका सुखाचा झाला की, सूनबाई मोटारीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या साडीची घडीदेखील मोडली नव्हती. अकोल्याहून यष्टीने धुळीत न्हाऊन येण्याचे दिवस आठवून मला नवल वाटले. नातू अकरा वर्षांचा. त्याच्या पाठीवर एक लांबट पिशवी होती आणि तिच्यातून लाकडी फळीचे टोक बाहेर आले होते. मोठ्या अभिमानाने त्याने एकेक वस्तू काढून ओसरीवर मांडली : एक गोल फळी, एक पांढरा चेंडू, डाव्या हातात घालावयाचा भलामोठा चामडी पंजा आणि दोन्ही कान झाकणारे एक कठीण शिरस्त्राण. तो तिकडे बेसबॉल खेळतो. हा आपल्या चेंडूफळीचाच दूरचा भाऊबंद. यष्ट्यांऐवजी त्यात चार ठाणी असतात आणि चेंडू टोलवून त्या ठाण्यांना धावत प्रदक्षिणा घालावयाची असते. मुलांसाठी म्हणून या खेळाची एक संस्था १९३९ साली पेनसिल्व्हेनिया प्रांतातील विल्यम्सपोर्ट या गावी निघाली आणि आज तिच्या शाखा देशोदेशी आहेत. नातवाच्या आळीतही तिचे एक छोटे मैदान आहे. त्याचे छायाचित्र त्याने मला दाखविले. कापलेले हिरवे गवत, त्यात तांबड्या मातीचा चौकोन, कडेला आईबापांना बसावयाची बाके. छायाचित्र दाखवून झाल्यावर त्याने आपल्या मोडक्या पण गोड मराठीत विचारले, “आजोबा, तुमचं ग्राउंड कुठं आहे? मला दाखवा.”

आता ‘आहे’ म्हणावे तर खोटे आणि ‘नाही’ म्हणावे तर पोराचा विरस. मी काठी घेतली व म्हणालो, “चल बाळ, जागा तरी दाखवितो.”

आमच्या मैदानाला नाव नव्हते. गावाच्या पश्चिम अंगाला, शेवटची घरे संपून नाल्याकडे उतार लागतो तेथे, एक मोठे शेत कित्येक वर्षे कोणी वाहिले नव्हते. वऱ्हाडात अशा जमिनीला ‘पडीत’ म्हणतात. ‘पडितावर ये’ एवढे म्हटले की पुरे. एका कोपऱ्यात कडुनिंबाचे जुने झाड होते. त्याच्यापासून पंचवीस-तीस पावलांवर एक पडकी विहीर होती. तिची मोट केव्हाच गेली होती, थारोळ्याचे दगड तेवढे उरले होते. विहिरीपलीकडून गाडीवाट जाई आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे निघालेल्या भरल्या बंड्या त्या वाटेने एकामागून एक चालत. त्यांच्यातून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकून राही. एखाद्या झाडाला अवेळी बहर यावा, तसे ते दिसे.

काळ्या जमिनीचे मैदान ही काय वस्तू आहे, ते गवतावर खेळणाऱ्यांस कळावयाचे नाही. पावसाळ्यात तेथे पाऊल टाकले, तर चिखल पायाला शेर-शेरभर चिकटे. उन्हाळ्यात तीच जमीन इतकी उले की, भेगेत हात कोपरापर्यंत जाई. म्हणून आमचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. भुई वाळून कठीण झालेली, पण अजून फाटली नाही, अशा या चार महिन्यांत पडितावर जो खेळ रंगे तो विटीदांडूचा. आमच्या वऱ्हाडी बोलीत ‘इटीदांडू’. दांडू बाभळीचा, सुमारे दोन हात लांब. विटी वीतभर, दोन्ही टोकांना निमुळती. सुताराच्या मागे लागून, त्याच्या भात्याला वारा घालून, ही दोन्ही आम्ही फुकट मिळवीत असू.

गडी वाटून घेण्याची रीत मोठी सुरेख होती. दोन-दोन मुले एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दूर जात आणि आपापसांत गुप्त नावे ठरवून येत. मग दोघा म्होरक्यांना विचारीत, “चंद्र घ्यावा की सूर्य?” ज्याने जे मागितले त्याला तो गडी मिळे. त्यामुळे दर्ग्याच्या अंगाची मुले आणि नाथांच्या मंदिराच्या अंगाची मुले अशी आपोआप मिसळून जात. चंद्र कोणत्या आळीचा आणि सूर्य कोणत्या आळीचा, हे म्होरक्याला आधी कळत नसे, आणि एकदा कळल्यावर तो आपला गडी झालेला असे. पुढे शिक्षक म्हणून एकात्मतेवर मी पुष्कळ निबंध तपासले, पण या युक्तीच्या तोडीचे त्यांतल्या एकातही काही आढळले नाही.

खेळ असा. जमिनीत एक लांबट खळगा, म्हणजे गल, करावयाची. तिच्यावर विटी आडवी ठेवून दांडूने दूर कोलावयाची. समोरच्यांनी ती झेलली, तर खेळणारा बाद. झेल चुकला, तर त्यांनी विटी फेकून गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूला लावावयाची. तीही न लागली, तर खेळणाऱ्याने विटीच्या टोकावर टिचकी मारून ती उडवावयाची आणि अधांतरीच असा टोला हाणावयाचा की, ती नाल्यापार व्हावी. मग विटीपासून गलीपर्यंतचे अंतर दांडूने मोजीत यावयाचे : वकट, लेंड, मूंड, नाल… ज्या अंकावर मोजणी संपेल त्या तऱ्हेने पुढचा टोला, कोणता पायावरून, कोणता मुठीवरून. पुढील अंकांच्या नावांत व तऱ्हांत गावोगाव फरक आहेत, परंतु या पहिल्या चारांत फारसा नाही. बालपणी हे शब्द मला निरर्थक वाटत. पुढे एका तेलगू भाषिक सहप्रवाशाच्या तोंडून त्याच्या भाषेतील अंक ऐकले, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, आणि मी बसल्या जागी चमकलो. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडची पैनगंगा पुढे तेलंगणाच्या सीमेवरून वाहते खरी, पण ती भाषा आम्हांपैकी कोणाला येत नव्हती. तरी त्या भाषेतील अंक मराठी मुले पिढ्यान्‌पिढ्या दांडूने जमिनीवर मोजीत आली आहेत. व्याकरणाच्या पुस्तकाने जे जपले नाही, ते पोरांच्या खेळाने जपले.

यापेक्षाही मोठे नवल मला संस्कृतात सापडले. महाभारताच्या आदिपर्वात कौरव-पांडव हस्तिनापुराबाहेर खेळत असता त्यांचे खेळणे विहिरीत पडते, आणि कोणालाही ते काढता येत नाही. कीर्तनात व शालेय पुस्तकांत येथे चेंडू सांगतात, पण मूळ ग्रंथात शब्द आहे ‘वीटा’. आणि आपल्या गोदातीरीच्या कोपरगावचे, काशीस जाऊन राहिलेले सतराव्या शतकातील टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांनी त्या शब्दाचा अर्थ दिला आहे तो असा की, जवाच्या आकाराचा वीतभर लाकडी तुकडा, जो मुले हातभर दांड्याने उडवितात! मग एक कृश ब्राह्मण तेथे येतो, मंत्रून टाकलेल्या गवताच्या काड्या एकीत एक रोवून त्यांची साखळी करतो आणि ती वीटा वर काढून मुलांच्या हाती देतो. तेच द्रोणाचार्य. शस्त्रविद्येचा पहिला धडा नंतर. गुरूने शिष्यांसाठी केलेले पहिले काम म्हणजे विहिरीत गेलेली विटी काढून देणे.

ही कथा मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. १९८७ सालानंतर मात्र ती सांगताना माझा आवाज उतरत असे. त्याचे कारण आजवर मी कोणास सांगितले नाही. या लेखात सांगतो.

त्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यातील गोष्ट. मी तेव्हा तिशीच्या आतला, उत्साही आणि करडा शिक्षक होतो. माझ्या वर्गातील मुले सायंकाळी पडितावर खेळत होती आणि मी गाडीवाटेने घरी चाललो होतो. एका मुलावर ‘डोळ्या’चा टोला आला होता. आमच्याकडे त्याची तऱ्हा अशी की, मान मागे टाकून मिटलेल्या पापणीवर विटी ठेवावयाची, मान झटकून ती खाली सोडावयाची आणि पडता-पडता टोलवावयाची. टोला तिरपा गेला. झेल घेण्याच्या आशेने पाचवीतला एक मुलगा फार जवळ आला होता. विटी त्याच्या भुवईवर बसली. मी धावत गेलो तेव्हा त्याचा अर्धा चेहरा रक्ताने माखला होता. टॉवेलने डोके बांधून, कोणाची तरी जीप मिळवून, आम्ही त्याला रात्री अकोल्यास नेले. डॉक्टर टाके घालून बाहेर आले व म्हणाले, “अर्धा बोट खाली लागती, तर डोळा गेला असता.”

त्या अर्ध्या बोटाने माझी रात्रभर झोप उडविली. दुसरे दिवशी सकाळी मी वर्गात फर्मान काढले की, ज्याच्यापाशी विटीदांडू असेल त्याने तो घेऊन यावा. मुलांनी मुकाट्याने आणले. दांडू शिपायाच्या बंबात गेले. विट्या मी एका पिशवीत भरल्या, सर्व मुलांना घेऊन पडितावर गेलो, आणि त्यांच्यादेखत ती पिशवी त्या पडक्या विहिरीत रिकामी केली. वीस-बावीस असतील. पाण्यावर पडताना त्यांचा टपटप आवाज झाला. लाकूड हलके, म्हणून त्या बुडाल्या नाहीत, तरंगत राहिल्या. आणि मुले विहिरीच्या कडेला उभी राहून कितीतरी वेळ खाली पाहात होती. पालकांनी मला धन्यवाद दिले. एकानेही ‘हे तुम्ही बरे केले नाही’ असे म्हटले नाही, आणि मीही तसे मनात येऊ दिले नाही.

पडीत त्या दिवशी गेले नाही. कोणी कुंपण घातले नाही की कोणी बळकावले नाही. मुले यावयाची थांबली, इतकेच. पहिल्या वर्षी गल बुजली. दुसऱ्या वर्षी पायवाटांवर तरोटा माजला. मग बाभळी आल्या आणि त्यांच्या आडोशाने गावचा केरकचरा. ज्या जागेचा कोणाला उपयोग नाही, तिची विक्री होते तेव्हा कोणास दुःखही होत नाही. मालकाने योग्य वेळी तिचे भूखंड पाडले आणि कायदेशीर रीतीने विकले. मला दोष द्यावयास दुसरे कोणी सापडत नाही, हीच यातली अडचण आहे.

असे वाटेल की, खेळाचा काळच संपला होता. तसेही नाही. आपल्या मुलखातच देशी खेळांना नियम घालून, वयात आणून सोडल्याची उदाहरणे आहेत. पुण्यात विसाव्या शतकाच्या आरंभी खो-खोचे नियम बांधले गेले. आमच्या शेजारी अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले, आणि त्या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी देशी खेळ करून दाखविले. ज्या हुतुतूत आमचे गुडघे फुटत, तोच कबड्डी या नावाने १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत पदकाचा खेळ झाला. तेव्हा धोका होता म्हणून खेळ मेला, असे म्हणता येत नाही. कोठे कोणी तरी वडील मनुष्य मैदानावर उभा राहिला आणि त्याने नियम केला. मी मैदानावर उभा राहिलो आणि खेळ बंद केला.

काही वर्षांपूर्वी आठवडी बाजारात तो भुवईचा मुलगा मला भेटला. आता चांगला बापई गृहस्थ आहे, शेती करतो. भुवईत पांढरी रेघ अजून आहे. पाया पडला. मी सहज त्या दिवसाची आठवण काढली आणि, खरे सांगावयाचे तर, थोड्या कृतज्ञतेची अपेक्षाही केली. तो हसला व म्हणाला, “गुरुजी, डोया वाचला हे खरं. पन पोरं मले म्हनत, तुह्यापायी खेय गेला. दोन वर्सं कोनी मले गडी घेतलं नाही.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण मला त्या बाजारात क्षणभर काही दिसेनासे झाले. मी त्या मुलाचा डोळा वाचला म्हणून समाधानात होतो, आणि तो मुलगा माझ्या आज्ञेची शिक्षा दोन वर्षे एकटा भोगीत होता!

हे सर्व मनात घोळवीत मी नातवाला घेऊन त्या जागेपाशी पोहोचलो. आता तेथे सिमेंटची घरे आहेत, दारांत मोटारसायकली आहेत. कडुनिंब राहिलेला नाही. विहीर मात्र आहे, दोन घरांच्या मधल्या बोळीत, वर लोखंडी जाळी बसविलेली. नातू जाळीवर ओणवा झाला. आत अंधार आणि पाचोळा. मी त्याला वीटेची व द्रोणाचार्यांची गोष्ट सांगितली. ती संपताच तो म्हणाला, “पण इथल्या विट्या कोणी टाकल्या?”

“मी टाकल्या, बाळ,” मी म्हणालो, आणि भुवईच्या मुलाची हकीगतही सांगितली.

त्याने थोडा विचार केला. त्याला माझ्या अपराधाचे काही वाटले नाही. अडचण तेवढी दिसली. “आजोबा, त्यांना हेल्मेट का नाही दिलं?” तो म्हणाला. त्याच्या लीगमध्ये शिरस्त्राण घातल्यावाचून फळी हाती घेऊन उभे राहता येत नाही, असा नियमच आहे. पोराच्या या साध्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. १९८७ साली मंगरूळपिरात शिरस्त्राणे कोठून आणणार, हे उत्तर वकिली झाले असते. ‘डोळ्या’चा टोला वर्ज्य करावा आणि झेलणाऱ्यांनी दहा पावले मागे उभे राहावे, एवढे सांगावयास पैसा लागत नव्हता. त्याला लागत होता तो रोज सायंकाळी मैदानावर घालविण्याचा अर्धा तास. तो वाचविण्यासाठीच मी ती पिशवी रिकामी केली होती, हे त्या जाळीपाशी उभे असता मला पहिल्याने स्पष्ट कळले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुताराकडे गेलो. जुना सुतार वारला आहे. त्याच्या मुलाने हसत-हसत एक दांडू आणि चार विट्या करून दिल्या. सोयाबीन निघून गेले होते आणि हरभरा पेरावयाचा होता, म्हणून एका स्नेह्याचे शेत दोन दिवस मोकळे मिळाले. मी वाकून गल केली. कोलावयास गेलो तो पहिल्या दोन्ही वेळा दांडू मातीतच रुतला. नातवाने शिरस्त्राण चढविले, तीन वेळा हुकला, आणि चौथ्या वेळी अमेरिकन पद्धतीने कमरेतून वळून असा टोला हाणला की, विटी शेजारच्या तुरीत दिसेनाशी झाली. ती शोधावयास रस्त्यावरची चार-पाच मुले न बोलावता आली. अंतर मोजावयास मी दांडू टेकीत निघालो आणि ती सारी माझ्या मागून, शब्द ठाऊक नसता, ओरडू लागली : वकट, लेंड, मूंड, नाल!

नातू परत गेला. जाताना शिरस्त्राण येथे ठेवून गेला. तिकडे दुसरे मिळते म्हणाला. हरभरा पेरला गेला, तेव्हा शेतही गेले. आता रविवारी सायंकाळी ती मुले माझ्या दाराशी येतात आणि “गुरुजी, दांडू द्या” म्हणतात. बाजाराचा दिवस नसेल त्या दिवशी बाजाराची जागा मोकळी असते. तेथे आम्ही जातो. शिरस्त्राण एक आणि मुले अनेक, म्हणून ते खेळणाऱ्याच्या अगदी समोर उभ्या असणाऱ्याने घालावे, असा नियम आम्ही केला आहे. ‘डोळा’ वर्ज्य आहे. मी खुर्ची टाकून कडेला बसतो आणि कोणी पुढे सरकला की काठीने मागे सारतो.

गुडघे दुखतात, संध्येला कधी-कधी उशीर होतो. पण वाचकहो, तुमच्या घरात मुले असतील आणि गावाबाहेर एखादा मोकळा तुकडा अजून उरला असेल, तर कुंपण केव्हा पडेल याची काळजी करण्याआधी तेथे संध्याकाळी कोण जाते, ते एकदा पाहून या. कोणी जात नसेल, तर आपणच खुर्ची घेऊन जा.